आठ दिवसांचं पान

"फांदी लावून ठेवली होती ना! फांदी दिसली नाई काय तुले?"

मंगल कार्यालयाचा मालक असा ओरडत होता की बँडवाल्यांनी वाजवणं थांबवलं. त्याच्या पायाशी, जेवणाचा मांडव आणि हात धुवायचे नळ यांच्या मधोमध, बिनझाकणाच्या चेंबरमध्ये माझी थोरली बहीण उभी होती. तिला आम्ही सगळी भावंडं बाई म्हणतो. मी ही हकिगत सांगतो तेव्हा ते चेंबर कधी गळ्याइतकं खोल असतं, कधी त्यात जोडीने म्हशी डुंबतात. कोर्टाच्या माणसाने टेप लावला तेव्हा अडीच फूट भरलं, त्याला माझा नाइलाज आहे.

आम्ही चौघं बाईला काखेत धरून वर ओढत होतो आणि मालक मोबाइलवर फोटो काढत होता. चेंबर, काठावर आडवी पडलेली तेंदूची फांदी, पुन्हा चेंबर. पुढेमागे पुरावा लागतो म्हणे.

बाईचा घोटा मोडला. मे महिना, विडीसाठी तेंदूची पानं तोडायचा हंगाम, आणि ही प्लास्टर लावून खाटेवर. तेही तिने सोसलं असतं. पण आठवड्याच्या आत मालकाने अहेरीच्या बाजारात पसरवलं की बाई मोहाची दारू पिऊन लग्नाला आली होती. या बाईने उभ्या जन्मात पंचशील मोडलं नाही. आमच्या घराण्याच्या वाट्याची सगळी मी एकट्याने पिऊन टाकली आहे, तिच्यासाठी थेंब उरलाच नव्हता.

"मले भरपाई नाई भेटली तरी चालते," दावा लावायला गेलो तेव्हा ती वकीलबाईंना म्हणाली. "पण मी शुद्धीत होती, हे कोर्टानं लिहून द्यावं."

वकीलबाई वयाने लहान, पण नजर फौजदाराची. त्यांनी समजावलं की पडणं सिद्ध करायला काही लागत नाही, मोडका घोटा पुरे. हलगर्जी सिद्ध करणं कठीण. झाकण नाही हे मालकाला आधीपासून ठाऊक होतं आणि ते बसवायला त्याच्याकडे वेळही होता, हे दाखवावं लागेल. मालकाचा जबाब तर तयारच होता: झाकण आदल्या रात्री चोरीला गेलं, लग्नाच्या सकाळी कळलं, लगेच फांदी तोडून लावली, आता नशेतल्या बाईला फांदी दिसली नाही तर तो काय करणार.

मी म्हटलं, मला साक्षीला उभं करा. वकीलबाईंनी माझ्या तोंडून चेंबरची गोष्ट दोनदा ऐकून घेतली. दोन्ही वेळा खोली वेगळी निघाली.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "तुम्ही फक्त कागद आणून द्या."

न्यायाधीशांनी दोन्ही बाजूंना एकच तारीख दिली होती. ज्याला जो कागद दाखवायचा तो त्या दिवशी पाचच्या आत दाखल करायचा, उशीर झाला तर परवानगी मागत फिरायचं. आमचा जीव एका कागदात होता. दवाखान्यात पहिल्यांदा तपासलं तेव्हा डॉक्टरांनी लिहिलं होतं, तोंडाला दारूचा वास नाही. तो कागद एक्स-रेच्या पाकिटात, आणि पाकीट बेपत्ता. तारखेच्या दिवशी मी घर असं उलटं केलं की छपराची कवेलू जमिनीवर आली आणि जमीन शेजाऱ्याकडे गेली. तीन वाजता शोध लागला. बाईने एक्स-रेची फिल्म कोंबड्यांच्या खुराड्याला पावसाची झड लागू नये म्हणून ठोकली होती, आणि पाकीट घडी करून फटीत कोंबलं होतं. मी मोटारसायकल अशी हाणली की माझी सावली अहेरीत माझ्यानंतर पोचली. पावणेपाचला कारकुनाने कागद नाकापासून लांब धरला आणि शिक्का मारला.

त्याच टेबलावर मालकाचा चंद्रपूरहून आलेला वकील आपले कागद दाखल करत होता. फांदीचा फोटो मोठा करून, रंगीत छापून आणला होता. धोक्याची खूण लावली होती, हे दाखवायला. तेंदू आणि पळस यांतला फरक विचारला असता तर त्या वकिलाने पुढची तारीख मागितली असती.

फोटोची प्रत आम्हालाही मिळाली. बाईने चष्मा लावून ती बराच वेळ पाहिली.

"हे पान त्या दिवशीचं नाई. जुनं हाय."

वकीलबाई म्हणाल्या, तुम्ही तर दावा लावणाऱ्या, तुमचं म्हणणं कोण मानेल?

"मग त्यालेच विचारा ना. वीस हंगाम फळीवर आमचे पुडे त्यानंच वापस फेकले."

खरंच की. कार्यालय बांधण्याआधी मालक तेंदूपत्त्याचा ठेकेदार होता; फळी, म्हणजे पानांचे पुडे पारखून मोजून घ्यायची जागा, त्याचीच. डोळे मिटून नुसत्या वासावरून तो पान कोणत्या पहाडीचं ते सांगे, पहाडीचं सोडा, कोणाच्या बायकोने तोडलं तेही.

उलटतपासणीत वकीलबाईंनी चेंबरचं नावही काढलं नाही. ठेकेदारी किती वर्षं केली, किती गावांची फळी होती, एवढं विचारत गेल्या. मालक फुलत गेला. मग त्यांनी त्याच्याच फोटोचा कागद त्याच्या हातात दिला आणि विचारलं, हे पान तोडून किती दिवस झाले असतील?

त्याचा वकील हरकत घ्यायला उठेपर्यंत मालक कागद घेऊन खिडकीच्या उजेडाकडे वळला होता. त्याने तो तिरपा धरला, सरळ धरला, डोळे बारीक केले.

"आठ दिवस," तो म्हणाला. "कडा वळल्या, हिरवा रंग गेला. असं पान मी फळीवर घेतलंच नसतं."

टायपिस्टने ते टाइप केलं. चंद्रपूरचा वकील खाली बसला.

निकाल हिवाळ्यात लागला. झाकण नसल्याचं मालकाला निदान आठवडाभर माहीत होतं, दोष त्याचा. आणि बाई नशेत असल्याचा कसलाही पुरावा नाही. या ओळी मी बाईला अंगणात चारदा वाचून दाखवल्या. चौथ्या वेळी पदरची एक ओळ घातली, ती तिने लगेच पकडली आणि पाचव्यांदा नीट वाचायला लावलं. त्या दिवसापासून बाजारात जायला निघाली की पाय किंचित ओढते, पण कडेकडेने नाही, रस्त्याच्या मधून जाते.

पुढच्याच बाजाराच्या दिवशी मालक चहाच्या टपरीवर भेटला. मी शेजारी बसलो. म्हटलं, भाऊ, त्याच दिवशीचं पान हाय एवढं तुम्ही बोलले असते तर आमची केस तिथंच बुडाली असती, मग काऊन सांगितलं?

त्याने बशीतला चहा संपवला.

"विचारलं म्हणून."