होडी हलली

बहरीनमधल्या माहूज भागात दोन खोल्यांत राहणारी मॅगी मूळची वसईकडची, कोळ्याघरची. तिकडे माणसं मासे धरतात. इकडे येऊन ही मासे मांडायची. हॉटेलाच्या जेवणघरात एक लाकडी होडी ठेवलेली, जन्मात पाणी न बघितलेली. रोज सकाळी मॅगी टोच्याने बर्फाच्या लाद्या फोडायची, ती होडी भरायची आणि वर हमूर मासा, कोळंबी, खेकडे निजवायची. साहेबलोक आधी फोटो काढत, मग जेवत. नवरा अँथनी गेला त्याला बरीच वर्षं झाली. संसार म्हणाल तर तेवढी एक होडी.

आता वय झालं होतं. मार्चनंतर व्हिसा वाढणार नाही, असं ऑफिसने कळवलं. वसईचं घर दिराने कधीच आपलं केलेलं. पण मॅगीला त्याचा घोर नव्हता. लेक नायजेल इंग्लंडात होता, आणि तोही होडीत राहत होता. तिकडची भाडी झेपेनात म्हणून त्याने आणि बायको हॅझेलने कालव्यातली जुनी फायबरची होडी घेतली. आत चूल, बिछाना, सगळं. पुढच्या टोकाला आईला निजायला फळी मारली होती, उशाशी प्रार्थनेसाठी इवलंसं आल्तार. मॅगी फोनवर ते बघायची आणि शेजारी फळं चिरणाऱ्या झोहराला दाखवायची. झोहरा कराचीची, जिभेने तिखट. म्हणायची, "बुढापे में भी नाव में ही सोएगी तू, मच्छीवाली." मॅगीला ते गोड लागायचं.

नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी चर्चमधली मिस्सा आटपून ती कामावर गेली आणि टोच्या हातात धरूनच तिने फोन लावला. अँथनीच्या घरची एक रीत होती. या दिवशी होडी जागची हलवायचीच, दोरभर का होईना. नाहीतर वर्षभर घराला बांधलेपण येतं, असं सासू म्हणायची. अँथनी तर तापाने फणफणलेला असतानाही उठून होडी हलवून आला होता.

नायजेलने फोन फिरवून दाखवलं. कालवा गोठून काचेसारखा झालेला, होडी मधोमध अडकलेली. मागून हॅझेल सांगत होती की शेजारच्या म्हाताऱ्याने बजावलंय, बर्फ वितळेपर्यंत होडी हलवू नका.

"ममी, नेक्स्ट वीक करतो ना. इट्स फ्रोझन."

"तुझी आई ह्या वयात रोज बर्फ फोडते," मॅगी म्हणाली. "तुझ्या बापाच्या होडीला कोणी बर्फाचं कारण सांगितलं नव्हतं."

बापाचं नाव निघालं की पोरगं ऐकायचं. तेवढं तिला ठाऊक होतं. त्याने इंजिन सुरू केलं, हॅझेल बांबू घेऊन पुढे उभी राहिली. बर्फ कडाकडा फुटला. होडी अंगाने रेटत, घासत पुढे सरकली. मॅगीने फोन उंच धरून सगळ्या किचनला दाखवलं आणि हसता हसता तिचे डोळे भरले.

दोन दिवसांनी फोन आला तेव्हा नायजेल कोणा मित्राच्या घरी होता. फुटलेल्या बर्फाची कड सुरीसारखी असते, ती पाण्याच्या रेषेवर जुन्या फायबरला चिरत गेली होती. हळूहळू पाणी आत आलं आणि पुढच्या टोकाने होडी तळाला बसली. आता ती भंगारातच जाणार.

त्याने कोणाला दोष दिला नाही. तेच तिला सोसवेना.

"आणि ते आल्तार?"

"पुढेच होतं ना, ममी." मग म्हणाला, "मार्चमध्ये तू वसईलाच जा. फॉर सम टाइम."

बरं, म्हणाली मॅगी. दिराने घरात घेतलं तर, हे पोराला कशाला सांगायचं.

दुसऱ्या दिवशी ती नेहमीसारखी लादी फोडायला बसली. फोडता फोडता हातमोजा काढून एका कपचीची कड तिने अंगठ्याने चाचपून बघितली. इतकी वर्षं हातमोजे घालून बर्फ हाताळलेला. कड कशी असते ते कधी बघितलंच नव्हतं. अंगठा चिरला. तिने तो एप्रनला पुसला आणि होडी भरायला घेतली.

नव्या वर्षाची सुट्टी संपवून आलेल्या झोहराने विचारलं, "फिर, हिली तेरे बेटे की नाव?"

"हिली," मॅगी म्हणाली. "खलास."

आणि हमूरचं तोंड तिने दाराकडे वळवून ठेवलं, साहेबलोकांना फोटो नीट यावा म्हणून.