पुसलेली काच
रॉकेलचा वास आला की उमेळ्याच्या आमच्या गॅरेजातली ती दुपार आठवते आणि अजून डोकं फिरतं. भुईगावच्या एका काकांच्या जुन्या गाडीच्या इंजिनाचं हेड, म्हणजे वरचा भाग, रॉकेलने धुऊन टेबलावर ठेवलं होतं. रविवारी त्याच गाडीतून त्यांची लेक नवरी होऊन चर्चला जाणार होती. व्हॉल्व्ह उघडणारा कॅम फिरवायचा आणि व्हॉल्व्ह किती उघडतो ते डायल गेजवर, म्हणजे घड्याळासारख्या काट्याच्या मापकावर, वाचायचं, एवढंच काम. पण एकाच व्हॉल्व्हचं माप दर वेळी वेगळं! मी गेजचा स्टँड पुन्हा आवळला, कॅमला शिव्या घातल्या, शेवटी काकांना ‘नवा कॅम लागेल’ असं सांगूनही टाकलं. काका खुर्चीतून उठलेच. “अरे बाबा, मग नवरीला काय सायकलवर नेऊ?” तेवढ्यात माझं लक्ष गेज वाचणाऱ्या माझ्या गॅरेजातल्या पार्टनरकडे गेलं. माप वाचण्याआधी तो दर वेळी रुमालाने गेजची काच गोल गोल पुसत होता, आणि काचेबरोबर खालची आकड्यांची तबकडीही फिरत होती. “अरे, झिरो हलतोय!” मी ओरडलो. “मंग काय धुळीतून वाचू?” तोच माझ्यावर उखडला. कॅम ठीकच होता, गाडी रविवारी वेळेवर गेली. परवा मी वैतागून डिजिटल गेज आणला, तर हा पठ्ठ्या नवा रुमाल घेऊन हजर. आणि पुसता पुसता झिरोचं बटण दाबून मोकळा.