लाल रंगाचं पॅराशूट

मिरची भाजल्याचा खाट आला की मला आधी ठसका लागतो, मग हसू येतं. विद्यापीठात असताना आम्ही नंदुरबारजवळ आमचं पहिलं चाचणी-रॉकेट उडवलं. हिरव्या शेतात लांबून दिसावं म्हणून रॉकेट आणि पॅराशूट, दोन्ही लालभडक केली होती. ते नेमकं मिरच्या वाळत घातलेल्या पथारीवर उतरलं. नजर जाईल तिथवर लालच लाल! उड्डाणाच्या सगळ्या नोंदी त्यात होत्या, आणि आम्ही ते शोधताना शिंकत, डोळे पुसत रडकुंडीला आलेलो. मिरच्या निवडणाऱ्या एका मावशींनी बसल्या बसल्याच पॅराशूटच्या दोऱ्यांकडे बोट दाखवलं.

"मिरचीले कधी दोरी ऱ्हास का, भाऊ?"

तेव्हा लाज वाटली होती. आता मीच शिकवतो. पॅराशूट कोणत्या रंगाचं घ्यायचं, असं पोरं विचारतात. मी म्हणतो, आधी गावात काय वाळत घातलंय ते बघून या.