डावीकडे मोकळं आहे

त्याला सगळे कानसेन म्हणायचे. गाण्याशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. कॉम्प्युटरवरच्या लढाईच्या खेळात पाच जणांचा संघ असतो, आणि समोरचे पाच जण भिंतीआडून कुठून येतायत हे बऱ्याचदा दिसत नाही, नुसतं ऐकू येतं. लाकडी फळीवरचं पाऊल वेगळं वाजतं, दगडावरचं वेगळं. त्याला हे असं काही कळायचं, की गेमिंग कॅफेतली पोरं आपला खेळ टाकून त्याच्या खुर्चीमागे उभी राहायची. दोघं आहेत, एक जिन्यात थांबलाय, असं तो म्हणायचा आणि निघायचंही तसंच.

कॉलेज त्याने दुसऱ्या वर्षाला सोडलं. वडील बस चालवायचे. ते चिडले नाहीत, त्यांनी बोलणंच टाकलं. जेवताना मीठ हवं असलं तरी मुलीला म्हणायचे, त्याला मीठ द्यायला सांग. ताई औषधांच्या दुकानात कामाला होती. घरी आल्यावर या दोघांची दुभाषी. नावाजलेल्या संघाकडून बोलावणं आलं तेव्हा त्याची बॅग तिनेच भरली.

संघाचं घर म्हणजे पाचव्या मजल्यावरचा फ्लॅट. एका खोलीत पलंग, दुसरीत कॉम्प्युटर, स्क्रीनवर ऊन पडू नये म्हणून खिडक्यांना काळा कागद. लोकांना वाटतं, खेळायचा पगार मिळतो म्हणजे चंगळ आहे. सकाळी उठून कालच्या चुका बघायच्या, मग सराव, जेवण, पुन्हा सराव, पुन्हा चुका. ज्या खेळासाठी घर सोडलं तो आपल्याला आता आवडत नाही, हे त्याच्या लक्षात आलं होतं, पण मनातल्या मनातसुद्धा त्याने ते कबूल केलं नाही.

शेजारच्या खुर्चीवर बसायचा तो पैलवान. काडीपैलवान होता म्हणून पैलवान. सगळ्यात आधी आत घुसायचं हे त्याचं काम. कानसेन म्हणाला जा, की जायचं; उलट विचारायचं नाही. दोघं एका डब्यातून जेवायचे, एकमेकांचे कपडे घालायचे, पैलवानाचा शर्ट कानसेनच्या खांद्यात अडकला तरी.

तिसऱ्या वर्षी कानात शिट्टी सुरू झाली. आधी त्याला वाटलं, कॉम्प्युटरचा पंखा असेल. कॉम्प्युटर बंद केला तरी ती चालूच. मग डाव्या बाजूचे आवाज कापसातून आल्यासारखे येऊ लागले. त्याने आवाज वाढवला. काही दिवस बरं वाटलं, मग आणखी वाढवला.

शेवटी कुणाला न सांगता तो कानाच्या डॉक्टरांकडे गेला. डॉक्टर बाईंनी तपासून स्पष्ट सांगितलं, की आतल्या बारीक पेशी गेल्यात आणि त्या परत येत नाहीत. हेडफोन सोडलेत तर उरलंय तेवढं टिकेल. त्याने विचारलं, "अंतिम सामन्यापर्यंत चालेल ना?"

त्यांनी चष्मा काढून त्याच्याकडे पाहिलं. "मी कानाबद्दल बोलतेय आणि तुम्ही सामन्याबद्दल," त्या म्हणाल्या.

करार संपत आला होता. प्रशिक्षकांना सांगावं असं त्याच्या मनात आलं, पण आदल्याच वर्षी मनगट दुखतंय म्हणणाऱ्या एकाची खुर्ची बघता बघता दुसऱ्याला मिळाली होती. पैलवानाला सांगावं, तर त्याच्या पोटात काही राहत नाही. ताईला सांगावं, तर ती न्यायलाच येणार. तो गप्प बसला आणि डावीकडचं अंदाजाने सांगू लागला. अनुभव दांडगा होता. अंदाज बहुतेक वेळा खरे निघायचे, आणि घात त्यानेच केला.

अंतिम सामन्याला सभागृह गच्च भरलं होतं. शेवटच्या फेरीत त्याने कान टवकारले. डावीकडून काही आलं नाही. "डावीकडे मोकळं आहे, जा," तो म्हणाला. पैलवान घुसला, मागोमाग आणखी दोघं. डावीकडे समोरचे तिघं टपून बसले होते; त्यांनी या तिघांनाही टिपलं आणि सामना गेला. तिथवर ते धावत आले होते, आणि घरी बसून सामना बघणाऱ्यांना त्यांची पावलं स्वच्छ ऐकू आली होती.

तेवढाच तुकडा कापून लोक पुन्हा पुन्हा बघू लागले. जिन्यात थांबलेला माणूस ज्याला कळतो, त्याला धावत आलेले तिघं कळत नाहीत? म्हणजे विकला गेला. पैलवानही त्यात ओढला गेला, कारण डोळे झाकून आत गेला होता तो तोच.

पैलवान त्याच्या पलंगावर येऊन बसला. "मला खरं सांग. मुद्दाम केलंस?"

"नाही रे. डावा कान गेलाय माझा. अंदाजाने सांगत होतो."

"कधीपासून?"

"वर्ष होईल."

"पैसे खाल्ले असतेस ना, तर चार शिव्या देऊन मोकळा झालो असतो," पैलवान म्हणाला. "वर्षभर तू मला अंदाजाने आत पाठवलंस." मग उठून त्याने आपली गादी गुंडाळली आणि बाहेरच्या खोलीत नेली.

प्रशिक्षकांनी सगळं ऐकून घेतलं आणि हे बाहेर बोलायचं नाही अशी तंबी दिली. पोरांचे कान जातात असं कळलं तर प्रायोजक पळतील. कानसेन आणि पैलवान दोघंही वैयक्तिक कारणांमुळे संघ सोडत आहेत, असं जाहीर झालं. त्यामुळे लोकांची खात्रीच पटली. कानसेनने न राहवून इंटरनेटवर खरं काय ते लिहिलं. पहिलंच उत्तर आलं, की आता बहिरा झालायस, चौकशी झाली की मुकाही होशील. पैलवानाला पुढे कुठल्याच संघाने घेतलं नाही. कानसेनचा फोन तो आजही उचलत नाही.

घरी आल्यावर तो भिंतीकडे तोंड करून, उजव्या कुशीवर पडला होता. वडील दारात येऊन म्हणाले, "तुला सांगून उपयोग काय? कधी ऐकलंयस तू?" कितीतरी वर्षांनी ते त्याच्याशी थेट बोलत होते. तो हलला नाही. त्यांनी तेच आणखी मोठ्याने म्हटलं. ताई लगबगीने आली आणि हळूच म्हणाली, "बाबा, उजवा कान उशीत आहे त्याचा. डाव्याने त्याला खरंच ऐकू येत नाही."

त्याच्या खांद्याला हात लावून वडिलांनी त्याला वळवलं आणि म्हणाले, "जेवून घे."

आता तो पार्सलच्या गोदामात खोकी लावतो. शिट्टी गेलेली नाही. मध्यंतरी एका नव्या प्रशिक्षण केंद्राने अनुभव सांगायला बोलावलं. समोर विशीच्या आतली मुलं-मुली बसली होती. तो म्हणाला, "सामना हरल्याचं आता काही वाटत नाही. मला वाटायचं, कान आहे तोवर मी आहे. म्हणून लपवलं, आणि तेही माझ्या शब्दावर आत जाणाऱ्यापासून. काही दुखत असेल तर आधी शेजारच्याला सांगा. आणि जिथे सांगायची भीती वाटते तिथे राहू नका, मग ते नाव कितीही मोठं असो."

टाळ्या वाजल्या. एका मुलीने हात वर करून विचारलं, की पावलं नीट ऐकू यावीत म्हणून आवाज किती ठेवायचा. त्याने डॉक्टरांनी सांगितलेली मर्यादा सांगितली.

"तेवढ्यात ऐकू येत नाही," ती म्हणाली.

"नाही येत," तो म्हणाला. "मलाही नव्हतं येत."

मग सराव सुरू झाला. मुलांनी हेडफोन चढवले. कानसेन दाराशी उभा होता, आणि तिथपर्यंत, त्याच्या उजव्या कानाला, त्याच मुलीच्या हेडफोनमधून बाहेर सांडणाऱ्या गोळ्या ऐकू येत होत्या.