सायमनसाठी न उचललेला हात

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला तर नाहीच. तुम्हाला सांगतोय — पण नीट जमेल असं वाटत नाही.

ऐंशीच्या दशकात चारकोपच्या एका कारखान्यात सायमन आणि मी एकाच पाळीला होतो. तो गोराईचा, बापाची होडी सोडून आलेला. दोघंही गर्द, म्हणजे ब्राऊन शुगर, ओढायचो. आणि मग — सरळच सांगतो — एकमेकांबरोबर झोपायचो. पुढेपुढे कुणाहीबरोबर. शुद्धीवर आलो की एकमेकांकडे बघायचोसुद्धा नाही. नशेमुळे ते व्हायचं, की ते करायला धीर यावा म्हणून नशा? मला अजून कळलेलं नाही.

पार वाट लागल्यावर बोरिवलीच्या एका व्यसनमुक्ती केंद्रात दोघं दाखल झालो. तिथे सकाळी गोल करून बसायचं. एकाने आपलं सांगायचं, आणि ज्याच्यावर तेच गुदरलंय त्याने हात वर करायचा. बोलायचं नाही, नुसता हात. सांगणारा एकटा पडू नये म्हणून. कुणी घरात चोरी केलेली, कुणी आईला मारलेलं — कशालाही एखादा हात वर व्हायचाच.

एके दिवशी सायमन म्हणाला, "नुसती नशा सोडायला मला नाय जमत. पुरुषाकडे जायला नशा लागते, नशा केली की पुन्हा पुरुष लागतो. दोन्ही एकत्रच सोडवा." माझं नाव त्याने घेतलं नाही.

एकही हात वर झाला नाही. मी माझे हात मांड्यांखाली दाबून धरले. कुणीतरी हसलं. मीही हसलो — बहुतेक. घाबरलो होतो. पण कशाला? घरी कळेल म्हणून, की माझं मलाच कळेल म्हणून?

दुपारी समुपदेशक सरांनी मला एकट्याला बोलावलं. तुझा मित्र म्हणतो ते खरं का, खरं असेल तर त्याला एका चांगल्या डॉक्टरांकडे पाठवतो, म्हणाले. मी म्हणालो, "काय नाय सर, बाहेर पडायला बहाणा पायजे त्याला." खोटं बोलणाऱ्याला तिथे ठेवत नसत. संध्याकाळी त्याला काढलं. जाताना मला म्हणाला, "तू तरी नीट हो रे." मी सरांना काय सांगितलं ते त्याला कळलं होतं का?

माझी गर्द सुटली. त्या दुसऱ्या गोष्टीबद्दल, पुरुषांबद्दल, कुणी विचारलं नाही, मीही बोललो नाही. सायमन पुन्हा ओढायला लागला आणि त्यातच गेला. मी मातीलाही गेलो नाही. केंद्रात मात्र नव्या लोकांपुढे बरा झालेला म्हणून मला उभं करत, आणि मी टाळ्या घेत असे.

सायमन त्या सकाळी खरं बोलला होता. खोटं मी बोललो.