पिवळ्या ठिपक्याचा अर्थ

गेल्या मे महिन्यात काही दिवस आमच्या घराचं छप्पर परकराच्या नाड्यांनी बांधलेलं होतं.

नाड्या नव्या होत्या, एवढं मी अभिमानाने सांगू शकतो. गुलाबी, पोपटी, एक मोरपंखी. काळेवाडीतल्या आमच्या गल्लीत कोपऱ्यावरूनच घर ओळखू येत होतं.

घर तसं पक्कं आहे. खाली स्लॅबच्या खोल्या आणि वर गच्चीत पत्र्याची एक खोली. त्या खोलीत माझी बायको मनीषा शिलाईकाम करते. वर जायचा जिना बाहेरून आणि उघडा. पत्रा लोखंडी सांगाड्याला बोल्टांनी आवळलेला, आणि प्रत्येक बोल्टखाली एक रबरी वायसर. हे रबर उन्हाने वाळून तडकतं आणि मग पावसात भोकाभोकातून पाणी येतं. म्हणून दर मे महिन्यात वर चढायचं, बोल्ट तपासायचे आणि खराब वायसर बदलायचे. इतकं साधं काम आहे. साधं काम मोठं कसं करायचं, याचं प्रशिक्षण मी घेतलेलं आहे.

मी चाकणला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत तपासणीच्या कामावर आहे. आमच्या लाइनवर बोल्ट आवळून तपासला की त्यावर पिवळा ठिपका द्यायचा. ठिपका आहे म्हणजे बोल्ट ओके. नव्या पोरांना मी नेहमी सांगतो, "खूण अशी पाहिजे की ती स्वतः बोलली पाहिजे. माणसाला तोंड उघडायची गरज पडता कामा नये."

गुरुवारी कंपनीला सुट्टी. मी पिवळा मार्कर घेऊन (तो चुकून माझ्या खिशातून घरी येतो) पत्र्यावर चढलो. एकेक बोल्ट हलवून पाहिला. चांगल्यांना ठिपका दिला, आणि मोजकेच खराब निघाले ते तसेच सोडले. त्यांचे वायसर शनिवारी बदलू असं ठरवलं. मग खाली उतरून कुणालाही काही न सांगता जेवायला बसलो. खूण बोलणार होतीच.

मनीषा म्हणाली, "अहो, नीट बघितलंत ना? माझ्याकडे शिंदेकाकूंच्या पूजाचा शालू आहे. फॉल लावायचाय, ब्लाउज व्हायचाय. रविवारी लग्न आहे तिचं."

नवरीचं काम तिच्याकडे पहिल्यांदाच आलं होतं. आजवर गल्लीतल्या बायका तिच्याकडे साधे ब्लाउज टाकायच्या आणि लग्नाचं म्हटलं की पिंपरीला जायच्या. हा शालू नीट गेला तर पुढची कामं येणार होती. त्यावर पाण्याचा एक डाग जरी पडला असता तरी गल्लीने तो वर्षभर धुतला असता.

"काळजीच करू नकोस," मी म्हणालो. "छप्पर माझ्या हाताखालून गेलंय."

शुक्रवारी मी पहिल्या शिफ्टला गेलो, आणि आमचे आण्णा पत्र्यावर चढले.

आण्णा म्हणजे माझे वडील. धाराशिवकडून तरुणपणी इकडे आले आणि पिंपरीच्या एका कारखान्यात प्रेस मशीनवर उभी हयात काढली. रिटायर झाले तरी हात स्वस्थ बसत नाहीत. वर जाऊन त्यांनी पाहिलं, तर पत्राभर पिवळे ठिपके. आता आण्णांच्या कारखान्यात पिवळा ठिपका म्हणजे रिजेक्ट. ठिपका दिसला की माल काढून बाजूला टाकायचा.

त्यांनी ठिपक्याचे सगळे बोल्ट काढले आणि बादलीत टाकले. मग नवे वायसर आणायला हार्डवेअरच्या दुकानात गेले. दुकानदार जेवायला गेला होता, म्हणून शेजारच्या टपरीवर चहा घेत बसले. तिथे त्यांना जुन्या खात्यातला एक मित्र भेटला.

थोडक्यात, आमचं छप्पर आता फक्त खराब बोल्टांवर उभं होतं.

परतताना कंपनीच्या बसमधून मला हिंजवडीच्या बाजूने काळंकुट्ट आभाळ येताना दिसलं. बाकीचे लोक घरी फोन करून खिडक्या लावायला सांगत होते. मी मान मागे टेकवून बसलो होतो. तेवढ्यात मनीषाचा फोन आला.

"अहो, पत्रा वाजतोय."

"वारा सुटला की पत्रा वाजतोच."

"तसा नाही. उचलला जातोय."

"अगं, एकेक बोल्ट मी स्वतः..."

"मला आतून आभाळ दिसतंय," ती म्हणाली आणि फोन बंद झाला.

थांब्यावर उतरून मी पळत सुटलो. वळवाच्या पावसाने गल्लीतच गाठलं. जिना चढून वर गेलो तर पत्र्याची कड वाऱ्याने हातभर वर जात होती आणि धाडकन खाली येत होती. मागोमाग आण्णा आले, एका हातात छत्रीचा दांडा (वरचं कापड वाऱ्याने नेलं होतं) आणि दुसऱ्या हातात वायसरची पुडी.

"आण्णा, बोल्ट कुठेत?"

"बादलीत. तूच तर रिजेक्ट केले ना?"

"रिजेक्ट? पिवळा म्हणजे ओके!"

"कुठल्या कंपनीत?"

"आमच्या!"

"आमच्यात पिवळा म्हणजे रिजेक्ट. तीस वर्सं केलंय लेका मी ते."

"अहो, पण जवळजवळ सगळ्याच बोल्टांना ठिपका होता. शंका नाही आली?"

"माल तू आणलेला," आण्णा शांतपणे म्हणाले. "मला नवल नाही वाटलं."

पत्रा पुन्हा उचलला गेला. "आधी तो धरा," मनीषा म्हणाली, "कंपन्या नंतर बघू."

कड हाताला येईना, म्हणून मी कोपऱ्यातल्या वॉशिंग मशीनवर चढलो आणि पत्रा गच्च धरला. शालू कुठे दिसत नव्हता.

"शालू खाली नेलास ना?"

"या पावसात उघड्या जिन्याने? कोरडी अशी एकच जागा होती. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून मशीनमध्ये ठेवलाय."

"कुठल्या मशीनमध्ये?"

ती माझ्या पायांकडे बघत होती. मीही खाली पाहिलं. त्याच वेळी माझ्या अंगठ्याखाली टिंग असा आवाज झाला आणि मशीन सुरू झालं.

मी हात सोडले तर छप्पर जाणार, न सोडले तर शालू धुतला जाणार. मी ओरडलो एवढंच मला आठवतं. काय ओरडलो ते आण्णा सांगतात, पण ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मनीषाने शांतपणे मशीनची पिन काढली.

"पाणी? आत पाणी गेलं का?"

"नळ मी आधीच बंद केलाय. तुम्ही येताय म्हटल्यावर चालू ठेवीन का?"

मग तिने शिलाईच्या सामानातून परकराच्या नाड्यांचं बंडल काढलं. मी मशीनवर उभा राहून कडेच्या रिकाम्या भोकांतून एकेक नाडी ओवत होतो आणि आण्णा खालून ती लोखंडी अँगलला बांधत होते. गाठ मारली की आण्णा सवयीने विचारत, "हिला ठिपका द्यायचा का?" मी पुढची नाडी मागत होतो. पाऊस गेला तेव्हा मी, आण्णा, मनीषा आणि तिची शिवायला बसायची गादी, सगळे पिळून काढण्यासारखे झालो होतो. मशीन उघडलं तर शालू जसाच्या तसा, कोरडा. मनीषाने तो प्लॅस्टिकसकट छातीशी धरला आणि तिथेच खाली बसून रडली. मलाही भरून आलं, पण माझ्या हाताला पोपटी नाडी गुंडाळलेली होती, त्यामुळे डोळे पुसता आले नाहीत.

शनिवारी संध्याकाळी पूजाची हळद होती. शिंदेकाकूंनी शालूवरचा ब्लाउज सगळ्यांना काढून दाखवला, आणि तो असा बेतला होता की तिथल्या तिथे दोन बायकांनी मनीषाला आपापल्या लेकींच्या लग्नाचं विचारलं. ती इतकी खुशीत होती की हळदीच्या वाटीत बोट बुडवून तिने माझ्या कपाळावर एकच ठिपका दिला, बरोबर मधोमध.

"हा ओके, की रिजेक्ट?" मी विचारलं.

"आण्णांना विचारा."

आण्णा जिलेबी खात होते. त्यांनी चष्मा वर सरकवला आणि मला खालीवर नीट पाहिलं.

"एकदा वायसर बदलून बघू," ते म्हणाले, "मग सांगतो."

घरी येऊन मी कपाळ धुतलं नाही, आणि सोमवारी तसाच कंपनीत गेलो. निदान तिथे तरी त्याचा अर्थ ओके होतो.