नानांचे काजळी रुमाल

हे लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. नानांचा विषय निघाला की मी त्यांचे किस्से सांगायचो, लोक हसायचे, आणि शेवटचा किस्सा यायच्या आधी मी चहा मागवायचो. परदेशी मदतीतून आपल्याकडे झालेल्या कामांचा खरेखोटेपणा नानांइतका अचूक ओळखणारा माणूस अख्ख्या खानदेशात झाला नाही, हे मात्र मी तेव्हाही जाणत होतो.

अशी कामं तपासणाऱ्या आमच्या धुळ्याच्या ऑफिसात मी प्रमुख, नाना सर्वेक्षक. छापील फॉर्म ते पिशवीबाहेर काढायचेच नाहीत. म्हणायचे, "फॉर्म दिसला की माणूस लग्नात बोलल्यासारखा बोलतो." ते नुसतं प्यायला पाणी मागायचे. बाई हंडा घेऊन नव्या हातपंपाऐवजी नाल्याकडे वळली की मला कोपराने ढोसायचे, "साहेब, झाला सर्व्हे." रावेरकडे केळीच्या धाग्याचं प्रशिक्षण झालं होतं. तिथे एका प्रमाणपत्राच्या फ्रेममागे चिमण्यांचं घरटं सापडलं, तर नानांनी लाभार्थ्यांच्या रकान्यात चिमण्याही लिहिल्या.

मग साक्रीकडच्या गावांत बिनधुराच्या चुली आल्या. नानांनी प्रत्येक घरात चुलीवरचं आढं पांढऱ्या रुमालाने पुसून घेतलं, महिन्याने त्याच जागी नवा रुमाल फिरवला आणि ते काळे रुमाल गावांची नावं घालून अहवालाला जोडले. ऑफिसभर धुराचा वास. चूल कशी आहे असं त्यांनी एका म्हातारीला विचारलं तेव्हा मी शेजारीच होतो. ती म्हणाली, "चांगली शे भाऊ. कोंबडी बठ्ठा अंडा तठेच देस." आणि रांधायला? "तिन्हावर खापर बसत नही ना." चुलीचं तोंड तव्यापुरतं होतं. मांडे भाजायचं मोठं मातीचं खापर त्यावर ठेवून बघावं, हे आखणाऱ्यांपैकी कुणाला सुचलं नव्हतं.

नानांनी तसंच लिहिलं. तसा अहवाल गेला असता तर कार्यक्रमाचा पुढचा टप्पा थांबला असता आणि आमचं ऑफिसही. मी रुमाल काढून टाकले आणि 'वापर समाधानकारक' असं लिहिलं. नाना म्हणाले, "मग पैसे देणाऱ्यांना मीच पाठवतो माझा अहवाल." तो पोचायच्या आत मी वर कळवलं, की हा माणूस गावात जातच नाही, घरी बसून फॉर्म भरतो. ज्याच्या चपला दर पावसाळ्याला झिजायच्या, त्याच्याबद्दल. नानांचा अहवाल कुणी उघडलाही नाही, आणि त्यांना काढलं. कुणाच्या सांगण्यावरून, हे त्यांना कधीच कळलं नाही.

गेल्या वर्षी माफी मागायची म्हणून नशिराबादला त्यांच्या घरी गेलो. अंगणात वहिनी खापरावर मांडे भाजत होत्या. नाना खाटेवर होते, आवाज खोल गेलेला. मी तोंड उघडायच्या आत त्यांनीच विचारलं, "साहेब, त्या चुलींचं पुढे काय झालं हो?"

"तोंड मोठं केलं त्यांनी," मी म्हणालो. "खापर बसतं आता."

नानांचा चेहरा उजळला. "म्हणजे वाचला कुणीतरी माझा अहवाल." त्यांनी वहिनींना हाक मारून तेच पुन्हा सांगितलं. वहिनींनी मला आणखी एक मांडा वाढला आणि मी तो खाल्ला.

दिवाळीनंतर नाना गेले. त्या खाटेशी बसून बोलायचं होतं ते एवढंच होतं: नाना, चुलींची तोंडं होती तेवढीच राहिली. तुमचा अहवाल कुणी वाचला नाही, कारण आधी मी तो अडवला आणि मग तुम्हालाच खोटं ठरवलं. तुम्हाला काढलं तेही माझ्याच पत्रावरून. मला माफ करा.